डिझॉल्व्ह: विरघळलं म्हणजे संपलं का?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, मध्येमध्ये येणारे ‘म्हणजे’ फक्त थोडे कमी केलेत.)

मी उमरोळीहून बोलतोय. मागे गाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या. घर रुळांजवळ आहे आणि बोईसरची गाडी काही माझं रेकॉर्डिंग संपायची वाट बघत नाही.

नेहमीसारखा आज एकच इंग्रजी शब्द घेऊन बसलोय. पण हा शब्द पुस्तकातून नाही आला, आमच्या घरात आला. तोसुद्धा स्टॅम्प पेपरवर.

झालं असं. माझा मोठा भाऊ, दादा, आणि त्याचा एक मित्र, दोघांचं बोईसरला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. भागीदारीत. पाच-सहा वर्षं चाललं, मग पटेना. शेवटी भांडण न करता वेगळं व्हायचं ठरलं. कागद इंग्रजीत केला. त्यात एक वाक्य होतं, ‘द फर्म स्टँड्स डिझॉल्व्ड.’ दादानं मला विचारलं, “याचा अर्थ काय रे?” मी काय सांगावं? मी बोईसरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करतो. दिवसातून वीस वेळा हा शब्द माझ्यासमोर असतो. मी एकदम रुबाबात सांगितलं, “विरघळली. संपली. सुटलास तू.”

चार महिन्यांनी दादाला एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचा फोन आला. पैशासाठी. त्या फोनकडे आपण शेवटी येऊ. आधी शब्द नीट उघडून बघू, कारण माझी चूक नेमकी कुठे झाली ते त्याशिवाय कळणार नाही.

पहिलं, उच्चार. स्पेलिंगमध्ये डबल एस आहे म्हणून आपण बहुतेक जण ‘डिसॉल्व्ह’ म्हणतो. उच्चार आहे डिझॉल्व्ह. झाडातला झ. झेंड्यातला नाही हं, झाडातला. जोर ‘झॉल्व्ह’वर. आणि गंमत बघा, याचं नाम आहे डिसोल्यूशन, तिथे मात्र स. क्रियापदात झ, नामात स. मुलाखतीत हा शब्द आला तर एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, शब्द आला कुठून? लॅटिन भाषेत ‘सोल्व्हेरे’ असं क्रियापद होतं. अर्थ, सैल करणं, सोडवणं. त्याच्यापुढे ‘डिस’ लागला, म्हणजे वेगवेगळं. डिझॉल्व्ह म्हणजे बंध सोडवून सुटं करणं. आणि सॉल्व्ह? तेही त्याच घरातलं. आता आपण मराठीत काय म्हणतो? गाठ सोडवली. गणितही सोडवलं. दोन्हीला एकच क्रियापद! सॉल्व्ह म्हणजे सोडवणं हे आपल्याला शाळेत भाषांतर म्हणून शिकवलं, पण मुळातच त्याचा अर्थ सोडवणं आहे. त्याच लॅटिन शब्दाला देणं फेडणं असाही अर्थ होता. म्हणून ज्याला आपली देणी फेडता येतात तो सॉल्व्हंट, आणि ज्याला येत नाहीत तो इन्सॉल्व्हंट, म्हणजे दिवाळखोर. आपणही म्हणतोच ना, कर्जातून सुटलो. आणि लॅबमध्ये विरघळवणाऱ्या द्रवालाही सॉल्व्हंटच म्हणतात. मराठीत द्रावक.

तर एवढंच डोक्यात ठेवा: डिझॉल्व्ह म्हणजे बंध सुटणं. नाहीसं होणं नाही. बंध सुटणं.

आता स्वयंपाकघरात चला.

वरणात मीठ टाकलं, दिसेनासं झालं. मीठ गेलं कुठे? कुठेच नाही. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइडचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पाणी मध्ये शिरतं, त्यांचे हात सोडवतं, आणि प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. खडा राहिला नाही, मीठ राहिलं. चव घ्या की! पाणी उडवून लावा, मीठ परत खाली बसेल. आपल्या किनाऱ्यावरची मिठागरं यावरच चालतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ ठेवून जातं.

इथेच आपली सगळ्यात मोठी गल्लत होते: डिझॉल्व्ह आणि मेल्ट. विरघळणं आणि वितळणं. बोलताना आपण बर्फही ‘विरघळला’ म्हणतो, चालून जातं. इंग्रजीत चालत नाही. मेल्ट व्हायला उष्णता लागते, दुसरा कोणी लागत नाही. डिझॉल्व्ह व्हायला दुसरा कोणीतरी लागतो, ज्याच्यात विरघळायचं तो. मीठ साध्या नळाच्या पाण्यात डिझॉल्व्ह होतं. तेच मीठ मेल्ट करायचं असेल तर 801 अंश सेल्सिअस तापमान लागेल. एवढा फरक आहे दोन शब्दांत! लॅबच्या नोंदवहीत एकासाठी दुसरा लिहिला, तर वाचणाऱ्याला वाटेल तुम्ही भट्टी पेटवली होती.

पण आता उलटा सापळा बघा. मूल रडायला लागलं आणि आई विरघळली. हे इंग्रजीत कसं सांगाल? ‘मदर डिझॉल्व्ड’ म्हणालात तर ऐकणारा घाबरेल. तिथे मेल्ट. ‘हर हार्ट मेल्टेड.’ पेढा तोंडात टाकला की विरघळतो, तोही इंग्रजीत मेल्टच. ‘इट मेल्ट्स इन द माउथ.’ म्हणजे आपलं विरघळणं जिथे मायेचं किंवा चवीचं आहे, तिथे इंग्रजी वितळतं.

मग डिझॉल्व्ह भावनांसाठी वापरतच नाहीत का? वापरतात, पण त्याची रचना वेगळी आहे. ‘शी डिझॉल्व्ड इन्टू टिअर्स.’ म्हणजे तिला रडू कोसळलं. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. ‘दे डिझॉल्व्ड इन्टू लाफ्टर’, हसून हसून पुरेवाट झाली. आणि ‘हिज अँगर डिझॉल्व्ड’, त्याचा राग निवळला.

‘इन’ आणि ‘इन्टू’ लक्षात आलं का? ज्याच्यात विरघळायचं तिथे बहुतेक वेळा इन: ‘डिझॉल्व्ह द शुगर इन वॉटर.’ ज्या अवस्थेत जाऊन पडायचं तिथे इन्टू: इन्टू टिअर्स, इन्टू केऑस. ‘द मीटिंग डिझॉल्व्ड इन्टू केऑस’, सभेचा पार गोंधळ झाला. गावच्या सभेसाठी उपयोगी वाक्य आहे. (हसतो.)

व्याकरणाची अजून एक गोष्ट, पटकन. मराठीत दोन क्रियापदं आहेत: मीठ विरघळतं, मी मीठ विरघळवतो. इंग्रजीत दोन्हीला एकच. ‘द सॉल्ट डिझॉल्व्हज.’ ‘आय डिझॉल्व्ह द सॉल्ट.’ आणि तिसरं, ‘वॉटर डिझॉल्व्हज सॉल्ट’, कर्ता चक्क पाणी! त्यामुळे वाक्यात कोण कोणाला विरघळवतंय ते नीट बघायचं.

हे बघणं कधीकधी फार महत्त्वाचं असतं. ओआरएसचं पाकीट घ्या. त्यावर सांगितलेलं असतं की सगळी पावडर अमुक इतक्या पाण्यात डिझॉल्व्ह करा. मोठं पाकीट असेल तर एक लिटर. लहान पाकिटं 200 मिलीलिटरची पण मिळतात. आपण ‘डिझॉल्व्ह’ वाचतो आणि आकडा सोडून देतो. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं तरी ते विरघळतंच, दिसायलाही ठीक दिसतं. पण मीठ पाचपट दाट झालं ना! जुलाबानं आधीच सुकलेल्या लेकराला ते देणं धोक्याचं आहे. विरघळलं, दिसेना, म्हणून बरोबर झालं असं नाही.

दुसरं उदाहरण, जिभेखाली ठेवायची गोळी. छातीत दुखणाऱ्यांना डॉक्टर देतात ती. तिच्या सूचनेत असतं, ‘अलाउ टू डिझॉल्व्ह अंडर द टंग.’ अलाउ, म्हणजे विरघळू द्या. तुम्ही काही करायचं नाही. चावायची नाही, पाण्याबरोबर गिळायची नाही. जिभेखालून औषध थेट रक्तात जातं म्हणून ते लवकर काम करतं. आमच्या आजोबांनी पहिल्यांदा ती पाण्याबरोबर गिळली होती, कारण आम्हा कोणालाच ती ओळ वाचावीशी वाटली नव्हती. घरात असं औषध असेल तर आज एकदा ती ओळ वाचून आजी-आजोबांना समजावून सांगा.

आता जरा आपल्या भागाकडे येऊ.

घरात पाण्याचा फिल्टर बसवायला माणूस येतो, पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवतो आणि म्हणतो, “टीडीएस एवढा आहे.” त्यातला डी म्हणजे डिझॉल्व्ड. टोटल डिझॉल्व्ड सॉलिड्स, पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात ही मर्यादा लिटरला 500 मिलीग्रॅम दिली आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत. पण एक लक्षात घ्या, ते पेन फक्त साधारण किती विरघळलंय ते सांगतं. काय विरघळलंय ते सांगत नाही. पेल्यातलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसू शकतं, कारण खरोखर विरघळलेली वस्तू पाणी गढूळ करत नाही. रंग येईल कदाचित, गढूळपणा नाही.

दुसरा डी, आमच्या लॅबमधला: डीओ, डिझॉल्व्ड ऑक्सिजन. मासा श्वास घेतो तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर. पंचवीस अंशाच्या गोड्या पाण्यात तो जास्तीत जास्त लिटरला आठेक मिलीग्रॅम मावतो. एवढासा! पाणी तापलं की आणखी कमी. त्यात सांडपाण्यातली कुजणारी घाण आली की ती खाणारे जिवाणू हा ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात.

तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी आणि मुरबे-सातपाटीकडची खाडी, हा विषय तुम्ही घरी ऐकलेला असणार. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. तो मोठा विषय आहे, एका भागात मावणार नाही. शब्दापुरतं बोलायचं तर एवढंच: पाण्यात सोडलं, दिसेनासं झालं, म्हणजे गेलं, ही समजूतच चुकीची आहे. मी स्वतः याच पट्ट्यातल्या कारखान्यात पोटासाठी काम करतो, त्यामुळे हे वाक्य बोलताना मलाही थोडं जड जातं. पण मीठ वरणात राहतं, तसंच बाकी सगळंही पाण्यात राहतं.

गणपतीचं बघा. शाडूची मूर्ती बादलीत ‘विरघळते’ असं आपण म्हणतो, इंग्रजी पेपरही डिझॉल्व्ह लिहितात. रोजच्या बोलण्यात ठीक आहे. पण शास्त्राच्या भाषेत माती विरघळत नाही, सुटी होते. पाणी गढूळ होतं आणि गाळ खाली बसतो. प्लास्टर ऑफ पॅरिस तर तेवढंही करत नाही. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं, म्हणजे एनसीएलनं, घरच्या बादलीतला उपाय दिला: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट. पुणे महापालिकेनं ही पावडर लोकांना वाटलीसुद्धा. त्या पाण्यात मूर्तीचं काय होतं? रासायनिक क्रिया होते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, म्हणजे खडूच्या जातीचा पदार्थ, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट विरघळलेलं असतं, जे खत म्हणून चालतं. बघा, इथेही काही नाहीसं झालं नाही. एकाची दोन झाली, आणि दोन्हींचा हिशेब लागतो.

आणि हो, गणपती विसर्जनाला इंग्रजीत डिसोल्यूशन म्हणायचं नाही. इमर्शन म्हणायचं, बुडवणं.

पण ‘विसर्जित’ हा आपला शब्द डिझॉल्व्हसाठी येतो, बातम्यांत. ‘लोकसभा विसर्जित.’ विधानसभेसाठी आपण बरखास्तही म्हणतो. राज्यघटनेच्या कलम 174 प्रमाणे राज्यपाल विधानसभा विसर्जित करू शकतात. इथे इमारत पडत नाही, आमदार माणूस म्हणून कुठे जात नाहीत. त्यांना सभागृह म्हणून बांधणारा बंध सुटतो. फेब्रुवारी 1980 मध्ये केंद्रानं महाराष्ट्रासह नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या आणि नव्या निवडणुका घ्याव्या लागल्या. पण नोव्हेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली तेव्हा विधानसभा डिझॉल्व्ह केली नव्हती, नुसती स्थगित ठेवली होती. म्हणून पुन्हा निवडणूक न घेता त्याच आमदारांतून सरकार बनू शकलं. एका क्रियापदात केवढा फरक! आणि राज्यसभा तर कधीच डिझॉल्व्ह होत नाही, घटनेतच तसं आहे. तिचे सदस्य टप्प्याटप्प्यानं निवृत्त होतात. अधिवेशनाचं कामकाज तहकूब होतं ते अ‍ॅडजर्न. ते डिझॉल्व्ह नाही.

लग्नासाठीही हाच शब्द. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या हुकुमानं लग्न ‘डिझॉल्व्ह’ होऊ शकतं असं लिहिलंय. नातं सुटतं. पण पोटगी, मुलांचा ताबा, हे प्रश्न लग्नाबरोबर विरघळत नाहीत.

आणि तुमच्या मोबाईलमधला डिझॉल्व्ह? व्हिडिओ एडिटिंग अ‍ॅपमध्ये ट्रान्झिशनच्या यादीत असतो तो. एक दृश्य विरत जातं आणि त्याच वेळी दुसरं त्याच्यातून वर येतं. क्षणभर दोन्ही पडद्यावर असतात. सिनेमात ही युक्ती फार जुनी आहे. एकदम काळं करून मग नवं दृश्य आणलं तर तो फेड. डिझॉल्व्हमध्ये मध्ये रिकामी जागा नसते.

तर आता तो फोन.

व्यापारी म्हणाला, “तुमच्या फर्मच्या नावावर माल गेलाय, बिल बाकी आहे.” दादा म्हणाला, “फर्म तर डिझॉल्व्ह झाली, कागद आहे माझ्याकडे.” व्यापारी म्हणाला, “मला कोणी सांगितलं?” वेगळं झाल्यावरही दादाच्या मित्रानं जुन्याच नावानं माल उचलला होता. फसवायला असं मी म्हणणार नाही, त्यालाही वाटलं असेल की चालतंय, फेडू नंतर.

दादा वकिलांकडे गेला, मीही गेलो. त्यांनी 1932 चा भागीदारी कायदा काढला, कलम 45. सोप्या भाषेत त्यात असं आहे: फर्म डिझॉल्व्ह झाली तरी तिची जाहीर नोटीस निघेपर्यंत एका भागीदारानं फर्मच्या नावानं केलेल्या व्यवहाराला बाहेरच्या माणसासमोर बाकीचेही जबाबदार राहू शकतात. आणि जाहीर नोटीस म्हणजे काय तेही कायद्यात आहे: शासकीय राजपत्रात, आणि त्या जिल्ह्यात चालणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. फर्म नोंदणी झालेली असेल तर निबंधकाकडेही कळवायचं. जुनी देणी तर राहतातच. पेपरच्या आतल्या पानावर ‘जाहीर नोटीस’ म्हणून बारीक अक्षरांत जे येतं आणि आपण पान उलटतो, ते एवढ्यासाठी असतं.

आम्ही ती नोटीस दिलीच नव्हती. कारण मी सांगितलं होतं ना, “विरघळली, संपली, सुटलास तू.”

दादा मला काही बोलला नाही. घराच्या स्लॅबसाठी ठेवलेल्या पैशातून त्यानं अर्धं बिल हप्त्यानं दिलं, अर्धं मित्रानं दिलं. नोटीस मग दिली. वहिनी मात्र एकदा जेवताना म्हणाली, “भावोजी, तुमच्या एका शब्दाला आमची स्लॅब पडली.” हसत म्हणाली, पण म्हणाली. त्या रात्री मी डिक्शनरी उघडली. आजचा भाग तिथूनच सुरू झाला.

मी वकील नाही, तेव्हा कोणाचं असं काही असेल तर कागदावर सही करायच्या आधी वकिलांना विचारा. माझ्यासारख्या लॅबवाल्याला विचारू नका.

या भागातून एकच गोष्ट घेऊन जा. डिझॉल्व्ह दिसला की दोन प्रश्न विचारा. कोणता बंध सुटला? आणि सुटं झालेलं आता कुठे आहे? मीठ, सांडपाणी, विधानसभा, लग्न, भागीदारी, सगळीकडे हे दोन प्रश्न चालतात. मी दादाला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दुसरा विचारलाच नाही.

आता गृहपाठ. तीन वाक्यं इंग्रजीत करून पाठवा. एक, ‘गोळी पाण्यात विरघळली.’ दोन, ‘आजीला बघून मी विरघळलो.’ तीन, ‘त्यांनी भागीदारी मोडली.’ दुसऱ्यात सापळा आहे, आधीच सांगतोय. उत्तरं लिहून नको, व्हॉइस मेसेज पाठवा, कारण मला तुमचा झ ऐकायचाय.

चला, गाडी आली. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि सही करण्याआधी कागद वाचा!